सर्टिफिकेटपासून गेटपर्यंत
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला 'शिक्षण आणि रोजगार' हा विषय दिला आहे. आम्ही काही प्रोफेसर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या ऑफिसात, आणि पाळी सुटल्यावर विहाराच्या ग्रंथालयात.

आपल्या बापजाद्यांना काम कसे मिळाले ते आधी पाहू. गावाहून माणूस आला की खोलीतला कोणी नातेवाईक त्याला गिरणीच्या गेटवर न्यायचा, जॉबरपुढे उभा करायचा. मग बदली म्हणून रोज गेटवर हजर राहायचे. लिहिता-वाचता येते का, हे कोणी विचारत नव्हते. काम खात्यात उभे राहूनच शिकायचे. पण कुठल्या खात्यात? साचेखात्यात पगार जास्त, तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कांडी बदलली की धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि आपल्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपली माणसे रिंगखात्यात. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. हातात कसब असून भागत नाही, दार कोण अडवतो तेही पाहावे लागते.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या एकेक करून बंद झाल्या, आणि उरल्यासुरल्या सरकारी गिरण्यांची चाके मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली. गेट गेले, आणि गेटबरोबर गेटपर्यंत नेणारा माणूसही गेला. हे दुसरे नुकसान कोणी मोजत नाही. साहेबाच्या मुलाला काका-मामा फोन करून सांगतात, अमुक ठिकाणी जागा निघते आहे. आपल्या मुलाला कोण सांगणार? बाप वॉचमन, आई चार घरची धुणीभांडी करते. पोरगा आयटीआय फिटर पास. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत, आणि तो मोटारसायकलवर लोकांच्या दारात जेवण पोहोचवतो. त्या कामाला आम्ही हलके म्हणत नाही, घाम तोही गाळतो. पण दोन वर्षे शिकलेला फिटर पाच वर्षे पान्याला हात लावत नाही, तेव्हा हातच विसरतात हो!

आता कामाची गोष्ट. आयटीआयनंतरची पायरी म्हणजे अप्रेंटिसशिप. त्याचा कायदा 1961 चा आहे. 2019 च्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच आहेत, तेही कंत्राटी माणसे मोजून. आपल्या जवळच रेल्वेचे लोअर परळ आणि माटुंग्याचे कारखाने आहेत, पलीकडे माझगाव डॉक आहे. रेल्वेत अप्रेंटिससाठी लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर यादी लागते. वय 15 ते 24, अनुसूचित जातीला पाच वर्षे सवलत. तिथे अप्रेंटिस पुरी केलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल-1 भरतीत 20 टक्के जागा राखून ठेवतात. आपल्या वस्तीत किती घरांना हे माहीत आहे? हात वर करा बघू. (चार हात वर झाले.) पाहा!

मात्र शिकाऊ म्हणून घेतले म्हणजे नोकरी लागली असे समजू नका. कायम करण्याची सक्ती कायद्यात नाही. काही ठिकाणी तर मुलाला वर्षभर झाडू मारायला नाहीतर खोकी उचलायला लावतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारायचे, आमचा करार सरकारी पोर्टलवर नोंदला का? नोंदला नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही, वर्ष फुकट.

कागदांचे दुखणे वेगळेच. राज्याच्या कामाला जातीचे एक प्रमाणपत्र, केंद्राच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातले दुसरे. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा हक्क 1990 च्या दुरुस्तीने मिळाला. त्यासाठी लोकांनी किती वर्षे मोर्चे काढले! आणि आपला पोरगा जाहिरातीच्या शेवटच्या दिवशी सेतू केंद्राच्या रांगेत उभा. मग नाइलाजाने खुल्या गटातून फॉर्म भरतो.

मोठ्यांचेही तेच. दहावी राहिली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. रात्रशाळा आहेत. 1989 साली निघालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. एका भगिनीने आम्हाला विचारले, "दादा, चाळिशीत दहावी करून काय मिळणार?" आम्ही म्हणालो, ताई, साफसफाईच्या कंत्राटातला मुकादमसुद्धा आता दहावीचा कागद मागतो.

समितीकडे आमची मागणी एकच आहे. मंडप, लाइट, भोजनदान, सगळे होऊ द्या. पण दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात दोन तास एक टेबल मांडा. वस्तीतले रेल्वे, बेस्ट, महापालिकेतून रिटायर झालेले बांधव तिथे आळीपाळीने बसतील. आपले जॉबर आता तेच, फक्त चिरीमिरी न घेणारे! निघालेल्या जाहिराती फळ्यावर लावायच्या, मुलांचे फॉर्म तपासायचे, आणि मुलाखतीला जाणाऱ्या पोराबरोबर पहिल्यांदा एकाने जायचे, गेटपर्यंत.

येत्या रविवारी आम्ही स्वतः दहा वाजता येऊन बसतो. येताना मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स घेऊन या. जयभीम!