घरची कणीक आणि बेताचा रस

उत्तर इटलीतील बोलोन्या या विद्यापीठासाठी प्रसिद्ध असलेल्या नगरीत, तेथील व्यापारी मंडळाच्या दप्तरी, १६ एप्रिल १९७२ रोजी एक सोन्याची चपटी पट्टी रीतसर नोंदवून ठेवण्यात आली. अंड्याच्या कणकेपासून कापलेल्या ‘ताल्यातेल्ले’ नामक पास्त्याचे हे प्रमाणित माप. शिजलेली पट्टी आठ मिलिमीटर रुंद असावी, म्हणजेच शहरातील आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग असावी, असा हा दंडक आहे. आमच्या शेताच्या बांधाची मोजणीसुद्धा इतक्या काटेकोरपणे झाली नाही, असे एखादे श्रोते मनात म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. पण याच दप्तरी पुढे १७ ऑक्टोबर १९८२ रोजी या पट्ट्यांवर घालावयाच्या ‘रागू’ नावाच्या खिम्याच्या रसाची कृतीही दाखल झाली, आणि तिच्यात तीनशे ग्रॅम गोमांसास टोमॅटोचा रस सांगितला होता तो अवघा पाच चमचे.

हे पाच चमचे ध्यानात ठेवावेत, अशी माझी विनंती आहे. कारण आपल्याकडे पास्ता या नावाने जे पानात येते, ते बहुधा तांबड्या किंवा पांढऱ्या रश्शात बुडालेले आणि चमच्यानेच शोधून काढावे लागणारे असे काही असते. आणि ज्या कणकेसाठी हा सारा खटाटोप करावयाचा, तिची चव कोणाच्या जिभेला लागतच नाही. पास्ता हा मुळात कणकेचा पदार्थ आहे. रस तिला माखण्यापुरता असावा आणि जेवण आटोपल्यावर ताटलीत त्याचे तळे उरू नये, या एका कसोटीवर पुढची सारी कृती मी आपणांस सांगणार आहे.

इटलीत या कणकेच्या दोन वहिवाटी आहेत, आणि त्या गव्हावरून पडल्या आहेत. पो नदीच्या सुपीक खोऱ्यात मऊ गहू पिकतो. त्याचे पीठ आपल्या मैद्याच्या जवळचे असून त्याला अंगचा ताठपणा बेताचाच असतो. ही उणीव तेथील गृहिणी अंड्याने भरून काढते, कारण अंड्यातील प्रथिने उकळत्या पाण्यात घट्ट होतात आणि पातळ लाटलेल्या पट्टीचे पिठले होऊ देत नाहीत. दक्षिणेकडे, पुलिया आणि सिसिलीच्या कोरड्या, उष्ण हवेत, कठीण दाण्याचा दुरुम गहू पिकतो, आणि तेथे नुसता रवा आणि पाणी यांवर काम भागते. आपला बन्सी गहू हा याच दुरुम कुळातला. त्याच्या रव्याच्या शेवया, नखुल्या आणि मालत्या वळण्यात ज्यांच्या आज्यांनी चैत्र-वैशाखाच्या दुपारी घालविल्या, त्यांच्या बोटांना या दुसऱ्या वहिवाटीत परके वाटावे असे फारसे काही नाही. आणि ज्या घरी अंडे वर्ज्य आहे, त्यांनीही याच वाटेने जावे.

प्रथम अंड्याची कणीक. दर शंभर ग्रॅम पिठास एक अंडे, हा तेथील शिरस्ता. चौघांसाठी चारशे ग्रॅम मैदा आणि चार अंडी लागतील. मात्र ते प्रमाण मोठ्या अंड्यांचे असल्याने, आपली अंडी लहान असतील तर पाचवे हाताशी ठेवावे. ओट्यावर पिठाचे आळे करून त्यात अंडी फोडावीत, काट्याने हलकेच फेटीत कडेचे पीठ थोडेथोडे आत ओढावे आणि सर्व गोळा झाले म्हणजे तळहाताच्या जोराने रेटून, घडी घालून, पुन्हा रेटून, चांगली दहा मिनिटे मळावे. ही कणीक पोळीच्या कणकेहून पुष्कळ घट्ट असते. पहिल्या दोन मिनिटांत ती हाताला जुमानत नाही, तेव्हा पाण्याचा हबका मारण्याचा मोह होतो, तो आवरावा. हे काम मनगटाच्या ताकदीचे असल्यामुळे घरातील पुरुषमंडळींनी आपण होऊन पुढे यावे, असे सुचविण्यास हरकत नसावी.

मळलेला गोळा झाकून अर्धा तास बाजूला ठेवणे हा या कृतीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा भाग होय. मळताना पिठातील चिवट प्रथिनांचे जाळे ताणले जाते. त्याला सैल होण्यास आणि ओलाव्याला सर्वत्र सारखे पसरण्यास एवढा अवधी लागतोच. घाईने लाटावयास घेतलेली कणीक लाटण्याखालून पुन्हापुन्हा आक्रसते, आणि मग दोष पिठाला दिला जातो. गोळ्याचे चार भाग करून, उरलेले झाकून ठेवून, एकेक भाग इतका पातळ लाटावा की खालच्या लाकडाची शीर त्यातून अस्पष्ट दिसावी. ती पोळी फडक्यावर पाच-दहा मिनिटे सुकू द्यावी, वर कोरडी पिठी भुरभुरून सैल गुंडाळी करावी आणि धारदार सुरीने पाऊण सेंटिमीटरहून किंचित अरुंद पट्ट्या कापून लगेच मोकळ्या कराव्यात. शिजताना त्या फुगतात आणि बोलोन्याच्या दप्तरी मापाच्या आसपास येतात. आल्या नाहीत तर कोणी जप्ती आणणार नाही.

रव्याच्या कणकेला दोनशे ग्रॅम बारीक बन्सी रव्यास सुमारे शंभर ग्रॅम कोमट पाणी पुरते. रवा जाड असेल तर मिक्सरमधून फिरवून चाळून घ्यावा, नाही तर पृष्ठभाग खरखरीत राहून आकार चिरतात. मळण्याचा आणि झाकून ठेवण्याचा नियम तोच. बारी या बंदराच्या जुन्या वस्तीत बायका दारासमोर मेज मांडून भरगल्लीत ‘ओरेक्येत्ते’ वळीत बसतात. त्यांची रीत अशी: बोटाएवढी जाड वळी करावी, तिचे सेंटिमीटरभर तुकडे पाडावेत, बोथट सुरीच्या पात्याने प्रत्येक तुकडा दाबून आपल्याकडे ओढावा आणि जी वाटी तयार होते ती अंगठ्यावर उलटी करावी. तिची खरखरीत बाजू बाहेर येते आणि रस तिलाच धरून राहतो. हाताचा वेग हळूहळूच येतो.

आता आधणाविषयी. शंभर ग्रॅम पास्त्यास एक लिटर पाणी असावे, आणि लिटरमागे सात ते दहा ग्रॅम मीठ. कणकेत मीठ घातलेले नसल्याने तिला चव येण्याची ही एकमेव संधी असते. पाण्यात तेल सोडण्याची जी चाल आपल्याकडे पडली आहे, ती मोडावी. ते तेल पाण्यावर तरंगते, चिकटपणा कमी करीत नाही, आणि उपसताना पास्त्याला लागून रसालाच निसटावयास लावते. पाणी खळखळा उकळत असतानाच पट्ट्या वैराव्यात आणि एकदा ढवळावे. ताज्या अंड्याच्या पट्ट्यांना दोन ते तीन मिनिटे पुरेत. रव्याच्या आकारांना अधिक वेळ लागतो. त्यांतला एक चावून पाहावा आणि मधली कणी जेमतेम जाणवत असतानाच ते उपसावेत. नळाखाली ते कदापि धुऊ नयेत, आणि उपसण्यापूर्वी वाटीभर पाणी काढून ठेवावे. या पाण्यात पिठाचे पिष्ट उतरलेले असते. रसाच्या कढईत पास्ता टाकून, हे पाणी चमच्याचमच्याने घालीत, मध्यम आचेवर मिनिटभर हलविले की तेल किंवा लोणी आणि पाणी यांचे भांडण मिटून एक चकचकीत, दाटसर लेप तयार होतो. चीज घालावयाचे ते मात्र भांडे आचेवरून उतरवूनच. फार तापले की त्यातील प्रथिने आवळतात आणि गुठळ्या होतात.

रसांपैकी नवशिक्याने प्रथम एकच करावा. चेझेनातिको या किनाऱ्यावरील गावी जन्मलेल्या मार्चेला हाझान या लेखिकेने १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या ग्रंथात दिलेला हा रस आहे. सुमारे नऊशे ग्रॅम पिकलेले टोमॅटो, सत्तर ग्रॅम लोणी, सोलून दोन भाग केलेला एक कांदा आणि मीठ, एवढेच साहित्य. टोमॅटो उकळत्या पाण्यात बुडवून त्यांची साले काढावीत, चिरून सर्व एकत्र करावे आणि मंद आचेवर, झाकण न ठेवता, पाऊण तास शिजू द्यावे. शेवटी कांदा काढून घ्यावा. लसूण नाही, मसाला नाही, फोडणी नाही. आपल्याकडचे गोल टोमॅटो आंबट आणि पाणीदार असतात, म्हणून लांबट जातीचे घ्यावेत. बाटलीतील गोड सॉसने हा पाऊण तास वाचविण्याची कल्पना ज्यांना सुचेल, त्यांनी त्या दिवशी सरळ उपमा करावा.

बारीचा ओरेक्येत्ते तेथे शलगमाच्या कोवळ्या पाल्याबरोबर एकाच आधणात शिजवतात आणि लसूण, मिरची व खारवलेले बारीक मासे घातलेल्या तेलात परततात. तो पाला न मिळाल्यास त्याच कुळातला मुळ्याचा कोवळा पाला चालेल. त्याचा कडसरपणा गव्हाच्या गोडव्याला शोभतो. बोलोन्याचा रागू गोमांस आणि खारवलेले डुकराचे मांस यांचा असतो, पण बोकडाच्या खिम्यावरही ती रीत लागू पडते: कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून परतावे, खिमा कोरडा होईतो भाजावा, मग ते पाच चमचे टोमॅटो आणि थोडे दूध घालून दोन तास अगदी मंदाग्नीवर ठेवावे. दुधात मैदा शिजवून केलेल्या पांढऱ्या रसाची इटलीतील मुख्य जागा भट्टीत भाजावयाच्या लाझान्याच्या थरांत आहे. तो ताज्या पट्ट्यांवर ओतणे मला तरी अन्याय्य वाटते.

साठवणीविषयी थोडेसे. अंड्याच्या पट्ट्या पावसाळ्यात वाळवून डब्यात भरू नयेत, कारण दमट हवेत त्या आतून ओल्या राहून नासतात. त्याच दिवशी खाव्यात किंवा फ्रीजरमध्ये ठेवून, न वितळविता, तशाच आधणात टाकाव्यात. रव्याचे आकार मात्र उन्हाळ्यात सावलीत खडखडीत वाळवून ठेवता येतात. शिजवून उरलेला पास्ता सकाळी रसासकट फेटलेल्या अंड्यांत आणि किसलेल्या चीजमध्ये कालवून तव्यावर जाडसर थापावा आणि दोन्ही बाजूंनी खरपूस होऊ द्यावा. नेपल्समध्ये असाच करतात आणि थंड झाल्यावर वड्या कापून सहलीला नेतात.