सूचीकाराच्या दारी : महाजालाच्या मानवसंपादित निर्देशिका



ग्रंथालयात आलेला नवा ग्रंथ कपाटात जाण्यापूर्वी एका माणसाच्या हातून जातो. तो माणूस ग्रंथ चाळतो, त्याचा विषय निश्चित करतो, त्यास वर्गांक देतो आणि सूचिपत्रावर त्याची नोंद करतो. एवढे झाले नाही, तर ग्रंथ इमारतीत असूनही वाचकाच्या लेखी नसल्यासारखाच असतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाजालाचा विस्तार होऊ लागला, तेव्हा हाच प्रश्न संकेतस्थळांच्या बाबतीत उभा राहिला. त्याचे एक उत्तर म्हणजे माणसांनी वाचून, पारखून आणि वर्गवारी लावून तयार केलेल्या निर्देशिका. अशा निर्देशिकेत नोंद मिळवणे म्हणजे काय होते, त्यासाठी कोणती शिस्त लागत असे आणि ती व्यवस्था पुढे का मोडली, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात केला आहे.

या प्रयत्नांचा आरंभ महाजालाच्या जन्मस्थानीच झाला. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली विषयवार सूची सुरू केली. पुढे ती ‘व्हर्च्युअल लायब्ररी’ या नावाने ओळखली गेली आणि एकेका विषयाचा भार त्या त्या विषयाच्या जाणकारांनी स्वेच्छेने उचलला. १९९४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरी यँग आणि डेव्हिड फिलो हे दोन विद्यार्थी आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची यादी करू लागले. त्याच यादीची पुढे ‘याहू’ झाली आणि १९९५ साली तिला कंपनीचे रूप आले. त्याच वर्षी श्रीनिजा श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या विदुषी तेथे रुजू झाल्या आणि वर्गीकरणाची घडी बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले.

यंत्राने हे काम का केले नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. शोधयंत्रे त्या काळीही होती. परंतु एखादा शब्द पानावर आहे की नाही आणि किती वेळा आहे, यावर त्यांची मोठी भिस्त असे. एकच शब्द शंभर वेळा लिहून यंत्राला फसवणे कठीण नव्हते. पानावर ‘औषध’ हा शब्द आहे एवढे यंत्राला कळे; तेथील माहिती वैद्याने लिहिली आहे की वैदूने, हे कळत नसे. तो विवेक माणसाकडेच होता. म्हणूनच निर्देशिकेतील नोंद ही केवळ पत्त्याची नोंद नव्हती. कोणीतरी ते स्थळ उघडून पाहिले आहे, याची ती ग्वाही होती.

पगारी संपादकांचा वर्ग कितीही वाढवला, तरी महाजालाच्या वाढीशी त्याचा मेळ बसणे अशक्य होते. १९९८ च्या जूनमध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल या दोन अभियंत्यांनी यावर निराळा उपाय योजला. संपादनाचे काम त्यांनी जगभरातील स्वयंसेवकांवर सोपवले. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने हा उपक्रम विकत घेतला आणि त्यास ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र ‘डीमॉज’ हेच नाव राहिले. तिची माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येत असे. परिणामी तेथील एक नोंद इतर कित्येक स्थळांवर आपोआप जाऊन पोहोचे. गूगलनेही २००० ते २०११ या काळात आपली निर्देशिका याच माहितीवर उभी केली होती.

अशा निर्देशिकेत नोंद मिळवण्याची पहिली पायरी म्हणजे आपली जागा ओळखणे. कांचीपुरम येथे हातमागावर रेशमी साड्या विणणाऱ्या एखाद्या सहकारी संस्थेची कल्पना करावी. तिचे संकेतस्थळ वस्त्रव्यवसायाच्या वर्गात जावे, की आशिया, भारत, तामिळनाडू असे उतरत जाऊन गावाच्या वर्गात? आणि मजकूर तमिळ भाषेत असेल तर? ग्रंथालयशास्त्राला ही अडचण नवी नाही. मेल्व्हिल ड्यूई यांच्या १८७६ च्या पद्धतीत प्रत्येक ग्रंथाला एकच घर मिळे. एकाच विषयाला अनेक अंगे असतात, हे ओळखून एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली आपली कोलन वर्गीकरण पद्धती मांडली. याहूने एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे नेणारे दुवे देऊन यातून वाट काढली. डीमॉजमध्ये स्थानिक स्वरूपाच्या संस्थेला प्रदेशाच्या शाखेत आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील मजकुराला त्या भाषेच्या शाखेत स्थान मिळे. जाणकार अर्जदार आधी आपल्यासारख्या इतर संस्था कोठे नोंदवल्या आहेत ते पाही आणि त्याच वर्गात, शक्य तितक्या खोलवरच्या उपवर्गात, आपले स्थळ सुचवी. वरच्या, प्रशस्त वर्गात जागा मागणाऱ्याचा अर्ज बहुधा इकडून तिकडे फिरत राही आणि कालापव्यय होई.

दुसरी पायरी वर्णनाची. शीर्षक म्हणून संस्थेचे रूढ नावच द्यावे लागे. वर्णन एका-दोन वाक्यांत आटोपावे, त्यात स्तुती नसावी, असा दंडक होता. ‘भारतातील सर्वोत्कृष्ट साड्या, अत्यल्प दरात’ असे लिहिले तर संपादक ते खोडून टाकी. ‘हातमागावर विणलेल्या रेशमी साड्यांचे नमुने, किमती आणि मागणी नोंदवण्याची पद्धत’ असे लिहिले तर त्याचे काम हलके होई. या दोन वाक्यांतील भेद केवळ शैलीचा नाही. पहिले वाक्य विक्रेत्याला काय हवे ते सांगते. दुसरे, वाचकाला तेथे काय मिळेल ते सांगते. सूची वाचकासाठी असते, हे ज्याला उमगले त्याला निम्मे यश आधीच लाभत असे.

तिसरी अट स्थळाच्या सत्त्वाची होती. अर्धवट बांधलेले, दुसऱ्याच्या मजकुराची नक्कल असलेले किंवा केवळ अन्य विक्रेत्यांकडे ग्राहक धाडण्यासाठी उभारलेले स्थळ स्वीकारले जात नसे. एकच मजकूर निरनिराळ्या पत्त्यांवर मांडून अनेक नोंदी मागणे हा तर दोषच मानला जाई.

यानंतर उरे ती प्रतीक्षा. संपादक स्वयंसेवक असल्याने अर्ज किती दिवसांत पाहावा, कोणत्या क्रमाने पाहावा, याचे बंधन त्याच्यावर नव्हते. काही अर्ज आठवड्यात मार्गी लागत, तर काही वर्षानुवर्षे पडून राहत. अधीर अर्जदार पुन्हा पुन्हा अर्ज करी. त्याने काम सुकर होण्याऐवजी रांग मात्र लांबत जाई.

या व्यवस्थेचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी होता. निर्णय माणसाच्या हाती होता आणि माणूस कधी थकतो, कधी पक्षपात करतो. एखाद्या व्यवसायाच्या वर्गाचा संपादक त्याच व्यवसायात असू शके. प्रतिस्पर्ध्याचा अर्ज त्याने दाबून ठेवला तर दाद कोणाकडे मागावी? आपल्या हितसंबंधांची कबुली संपादकांनी द्यावी, नोंदीसाठी मोबदला घेऊ नये, असे नियम होते आणि ते मोडणाऱ्यांना दूरही केले जाई. तथापि, नाकारलेल्या अर्जदाराला कारण कळेलच याची शाश्वती नव्हती. खेड्यातील लहान संस्थेच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हती. सूचीबाहेर राहणे म्हणजे बाजाराबाहेर राहणे होते.

व्यापारी निर्देशिकांनी मूल्य आकारण्याचा मार्ग धरला. २००१ च्या अखेरीपासून याहू व्यापारी स्थळांकडून वर्षाला २९९ डॉलर घेऊ लागली. ही रक्कम नोंदीची नव्हती, तपासणीची होती. नकार आला तरी ती परत मिळत नसे. त्यामुळे उत्तर लवकर मिळू लागले हे खरे. परंतु ज्याच्यापाशी द्रव्य नाही, त्याला मागे सारणारी एक नवी पायरीही उभी राहिली.

अखेरीस निर्देशिकांचा पाडाव झाला तो त्यांच्याच प्रतिष्ठेमुळे. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलने एखाद्या पानाकडे कोण निर्देश करतो, यावरून त्या पानाचे महत्त्व मोजण्याची पद्धत आणली. साहजिकच विश्वसनीय निर्देशिकेतील दुव्याचे मोल वाढले. आता अर्ज वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी नव्हे, तर यंत्राच्या गणितात वर चढण्यासाठी येऊ लागले. खऱ्याखोट्या अर्जांच्या या पुरात स्वयंसेवकांचे बळ अपुरे पडले. दरम्यान यंत्र सुधारत गेले आणि वाचकाने वर्गांच्या पायऱ्या उतरणे सोडून दिले. २००६ च्या ऑक्टोबरात डीमॉजचा मुख्य संगणक कोसळला आणि सुमारे दोन महिने संपादन ठप्प झाले. याहूची निर्देशिका २०१४ च्या डिसेंबरात बंद झाली आणि १७ मार्च २०१७ रोजी डीमॉजनेही आपली दारे मिटली. त्या वेळी तिच्यात सुमारे ३८ लाख स्थळे, दहा लाखांहून अधिक वर्ग आणि ९० भाषा होत्या. नव्वद हजारांहून अधिक माणसांनी वेळोवेळी तिचे संपादन केले होते. तिच्या काही संपादकांनी पुढे ‘कर्ली’ या नावाने तेच कार्य चालू ठेवले.

तो काळ सुवर्णयुगच होता, असे म्हणणे धाडसाचे होईल. रांग लांब होती आणि न्याय नेहमीच मिळत नव्हता. परंतु तेथे नियम लिहिलेले होते, ते कोणालाही वाचता येत होते आणि ते लागू करणारा माणूस होता. आज संकेतस्थळांचा क्रम प्रामुख्याने यंत्र लावते. मागे पडलेल्या संस्थेला आपण मागे का पडलो हे आजही सहसा कळत नाही. फरक इतकाच की, आता विचारायला समोर माणूसही नाही.

निर्देशिका गेल्या, तरी त्यांनी लावलेली एक सवय टिकवण्याजोगी आहे. आपली संस्था काय करते, कोणासाठी करते आणि येणाऱ्याला तिच्याकडून काय मिळेल, हे एकाही विशेषणावाचून दोन वाक्यांत लिहून पाहावे. ज्या संस्थेला हे साधते, तिचे संकेतस्थळ कोणत्याही सूचीत शोभते. ज्या संस्थेला साधत नाही, तिने अर्जाची चिंता करण्याआधी आपल्या कार्याचीच फेरतपासणी करावी, हे उचित.