दार कधी उघडायचं आणि ते कुणी ठरवायचं?

(दक्षिण कॅलिफोर्नियातील मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



व्याख्यानाचा विषय कळल्यावर कुणाच्या मनात आलं असेल की कोविडमध्ये एवढी माणसं गेली, आणि हे गृहस्थ थीम पार्कबद्दल बोलणार? मी हा विषय मुद्दाम निवडला. दवाखाना किंवा किराणा दुकान उघडं ठेवायचं की नाही, यावर फारसा वाद झाला नाही, कारण ती चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डिस्नेलँडचं तसं नव्हतं. तिथे कुणी गेलं नाही म्हणून कुणाचा जीव जात नाही. पण तिथल्या पगारावर हजारो घरं चालतात, एक अख्खं शहर चालतं. अशा जागेचं दार कधी उघडायचं, हा प्रश्न आला की समाज कुणाचा जीव, कुणाची रोजीरोटी आणि कुणाची सोय कोणत्या तागडीत टाकतो, हे स्पष्ट दिसतं. म्हणून या वादाकडे पुन्हा शांतपणे पाहायला हवं.

१५ जुलै २०२० हा एकच दिवस घेऊ. त्या दिवशी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधले एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज हे दोन पार्क उघडले. त्याच दिवशी पॅरिसचं डिस्नेलँड उघडलं. आणि त्याच दिवशी, महिनाभरापूर्वीच उघडलेलं हाँगकाँगचं डिस्नेलँड पुन्हा बंद झालं. कंपनी तीच, काळजी घ्यायचे नियमही जवळपास तेच. हाँगकाँगमध्ये तेव्हा दिवसाला काही डझन नवे रुग्ण सापडत होते, तर फ्लोरिडात दहा हजारांच्या वर. ऑर्लँडोचे पहिले दोन पार्क ११ जुलैला उघडले आणि दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडाने १५,२९९ नव्या रुग्णांची नोंद जाहीर केली. तोवर अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात एका दिवसात एवढे रुग्ण नोंदले गेले नव्हते. थोडक्यात, जिथे साथ कमी तिथे दार बंद झालं आणि जिथे साथ भडकलेली तिथे उघडलं. एकाच कंपनीच्या बाबतीत असं उलट घडतं, तेव्हा निर्णय रोगाच्या मोजमापावरून होत नसून तिथल्या सरकारच्या भूमिकेवरून होतोय, एवढं तरी नक्की म्हणता येतं.

आपल्या शेजारचं, ॲनाहाइमचं डिस्नेलँड १४ मार्च २०२० पासून बंद होतं. कंपनीने १७ जुलै ही उघडण्याची तारीख जाहीर केली. १७ जुलै १९५५ ला ते पहिल्यांदा सुरू झालं, म्हणून पासष्टाव्या वाढदिवसाचा मुहूर्त. लोकांनी आनंदाने स्वागत केलं. पण साथीला वाढदिवस कळत नाही. डिस्नेलँडमधल्या कामगार संघटनांनी गव्हर्नर न्यूसम यांना पत्र लिहून सांगितलं की ही जागा आमच्यासाठी सुरक्षित आहे याची अजून आम्हाला खात्री पटलेली नाही. राज्याचे नियम वेळेत आले नाहीत आणि मुहूर्त टळला.

या संघटना कशाला घाबरत होत्या, ते समजून घेण्यासाठी एखाद्या राइडच्या फलाटावर मनाने उभं राहून बघा. गाडी येते, माणसं बसतात, आणि कर्मचारी एकेका रांगेशी वाकून मांडीवरचा दांडा नीट बसलाय का ते ओढून पाहतो. मूल असेल तर अजून खाली वाकतो. सहा फुटांचं अंतर तिथे पाळताच येत नाही; अंतर पाळलं तर माणूस राइडवरून पडेल. पाहुणा त्या फलाटावर अर्धा मिनिट असतो, पण कर्मचारी पूर्ण पाळी तिथेच काढतो. पाहुण्यासाठी 'आज जाऊ की नको' हा एका दिवसाचा निर्णय असतो. कर्मचाऱ्याला तोच धोका रोज घरी न्यावा लागतो. त्यातल्या अनेकांची घरं ॲनाहाइम आणि सँटा ॲनामध्ये, दाटीवाटीच्या अपार्टमेंटांमध्ये, दोन-तीन पिढ्या एका छताखाली. ऑरेंज काउंटीत कोविडचा सर्वांत जबर तडाखा बसला तो याच दोन शहरांना.

ऑर्लँडोतली एक घटना मला फार बोलकी वाटते. तिथल्या रंगमंचावरच्या गायक-नटांची संघटना म्हणाली, आम्हाला मास्क लावून काम करता येत नाही, तेव्हा आमची नियमित चाचणी करा. यावरून बोलणी अडली आणि पार्क उघडले तेव्हा ते कलावंत घरीच राहिले. ऑगस्टमध्ये कंपनीने आपल्या आवारात सरकारी चाचणी केंद्राला जागा दिली. कर्मचाऱ्यांसोबत आम जनतेलाही तिथे चाचणी करता येणार होती. मग मार्ग निघाला. मागणी होती मूठभर कलावंतांची, पण तिचा लाभ सगळ्या गावाला मिळाला. कामगाराला चर्चेच्या टेबलाशी बसवलं की असा फायदा होतो.

आता दुसरी बाजूही तेवढ्याच गांभीर्याने मांडायला हवी. पार्क बंद ठेवणंही फुकट नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये डिस्नेने लाखभर कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं, आरोग्य विमा मात्र चालू ठेवला. बेकारभत्त्यावर केंद्र सरकार आठवड्याला ६०० डॉलर जादा देत होतं, ते जुलैअखेर थांबले. सप्टेंबरच्या शेवटी कंपनीने २८,००० जणांना कायमचं कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्यातले दोन-तृतीयांश अर्धवेळ काम करणारे. ॲनाहाइमच्या तिजोरीत हॉटेलांवरच्या कराचा मोठा वाटा. खोल्या रिकाम्या राहिल्या की त्याचा फटका वाचनालयापासून बागांपर्यंत सगळ्यांनाच. म्हणून 'उघडा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला पैशाचा लोभी ठरवणं मला मान्य नाही. सुरक्षेचे करार झाल्यावर काही कामगार संघटनाही उघडण्याच्या बाजूने बोलू लागल्या होत्या. भाडं थकलेल्या माणसाला 'थांब, अजून धोका आहे' असं सांगायचा नैतिक अधिकार सरकारला हवा असेल, तर थांबण्याची किंमतही सरकारने उचलली पाहिजे. जुलैनंतर ती पुरेशी उचलली गेली नाही. ज्यांना धोका सर्वांत जास्त, त्यांच्याच पोटाला चिमटा बसला, आणि धोक्याकडे बोट दाखवणारा आवाज आपोआप बारीक होत गेला.

फ्लोरिडाच्या बाजूने एक युक्तिवाद आजही ऐकू येतो: पार्क उघडले, आणि तिथून मोठा उद्रेक झाल्याचं काही दिसलं नाही. याला उत्तर द्यायला मी तुम्हाला डिसेंबर २०१४ मध्ये नेतो. त्या महिन्यात आपल्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला. त्यात कॅलिफोर्नियातल्या ज्या ११० रुग्णांची माहिती सुरुवातीला प्रसिद्ध झाली, त्यांतले ३९ जण १७ ते २० डिसेंबर या चार दिवसांत तिथल्या पार्कमध्ये गेले होते, हे आरोग्य खात्याने शोधून काढलं. ते शक्य झालं, कारण तेव्हा अमेरिकेत गोवर दुर्मीळ होता. पुरळ दिसतं, डॉक्टर लगेच कळवतात, खातं प्रत्येक रुग्णाला गाठून कुठे कुठे गेला होतात ते विचारतं. आता जुलै २०२० चा फ्लोरिडा आठवा. रोज दहा हजारांवर रुग्ण, अनेकांना लक्षणंच नाहीत, आणि पाहुणा तीन दिवस राहून विमानाने ओहायोला किंवा टेक्ससला परतलेला. त्याला घरी ताप आला, तर तो ऑर्लँडोच्या खात्यात कोण मांडणार? बाहेरची हवा, मास्कची सक्ती, कमी गर्दी यांचा उपयोग झालाच असणार, मी तो नाकारत नाही. पण 'सापडलं नाही' आणि 'घडलं नाही' यांत मोठं अंतर आहे. साथ ऐन भरात असताना शोध घेणारी यंत्रणा कोलमडते, आणि नेमकं तेव्हाच शोधातून काही सापडलं नाही म्हणून आपण निर्धास्त होतो.

कॅलिफोर्नियाने दुसरी वाट धरली. ऑगस्टअखेर राज्याने काउंट्यांना साथीच्या तीव्रतेनुसार जांभळा, लाल, नारिंगी आणि पिवळा असे चार रंग दिले. २० ऑक्टोबरला आरोग्य सचिव डॉ. मार्क घाली यांनी जाहीर केलं की मोठे थीम पार्क फक्त पिवळ्या रंगात उघडतील. म्हणजे रोज लाखामागे एकाहून कमी नवा रुग्ण आणि चाचण्यांत दोन टक्क्यांहून कमी बाधित. आपल्या ऑरेंज काउंटीची लोकसंख्या साधारण ३२ लाख, तेव्हा अख्ख्या काउंटीत दिवसाला ३२ पेक्षा कमी रुग्ण. उद्योग खवळला, हा आकडा कधी गाठता येणार, असा सवाल झाला. पण पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. डिसेंबरच्या मध्याला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अतिदक्षता विभागांत शिल्लक खाटांचं प्रमाण शून्य टक्क्यांवर आलं. त्या महिन्यात रोज हजारो पाहुण्यांनी भरलेलं डिस्नेलँड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तो कडक आकडा किती शहाणपणाचा होता हे पटेल.

माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, तो येण्याच्या वेळेबद्दल आहे. मार्चमध्ये दार लागलं आणि कुठल्या आकड्याला ते उघडेल हे ऑक्टोबरात कळलं. मधले सात महिने कंपनी तारखा सांगत राहिली, सरकार घाई नको म्हणत राहिलं, आणि कामगार दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. निकष ठाऊक नसला की माणूस तुलनेवर उतरतो. 'ऑर्लँडो उघडलं, मग आम्ही का नाही?' हाच सूर त्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातही लागला होता. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार सुरू झाले आणि देवळं बंद होती. 'बार उघडे, मग मंदिरं का नाहीत?' यावरून राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात जाहीर पत्रापत्री झाली. शेवटी १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, देवळं उघडली. दोन्हीकडे भावना खऱ्या होत्या, पण कुठल्या आकड्याला काय उघडेल हे आधी लिहून ठेवलं असतं तर त्या भावनांचं भांडण झालं नसतं.

त्याच वर्षीच्या आषाढीचं उदाहरण मात्र आपल्याला काही शिकवून जातं. वारी म्हणजे लाखोंचा समुदाय. ती पायी निघाली असती तर गावोगाव साथ पोहोचली असती. सरकार आणि पालखी सोहळ्यांचे प्रमुख महिनाभर आधी एकत्र बसले आणि पायी वारी न काढता पादुका वाहनाने पंढरपूरला नेण्याचं ठरलं; शेवटी त्या एसटीच्या बसमधून गेल्या. वारकऱ्यांच्या जिवाला ते लागलंच. पण निर्णय वेळेवर झाला, ज्यांची वारी त्यांना विचारून झाला, आणि परंपरेचा धागा तुटला नाही. ती एकादशी १ जुलैची. त्याच दिवशी टोकियोचं डिस्नेलँड चार महिन्यांनी उघडलं. एकीकडे थांबणं बरोबर होतं, दुसरीकडे उघडणंही बरोबर असू शकत होतं. जपानमधल्या उद्यान संघटनांनी तर राइडवर ओरडू नका असा नियम केला. फुजी-क्यू हायलँडच्या दोन अधिकाऱ्यांनी सुटाबुटात, मास्क लावून, तोंडातून आवाज न काढता फुजियामा रोलरकोस्टरची पूर्ण फेरी मारली आणि ती चित्रफीत लोकांना दाखवली. नियम करणाऱ्यांनी तो आधी स्वतः पाळून दाखवला, म्हणून तो नियम लोकांना आपलासा वाटला.

निकष बदलू नयेत असं मी म्हणत नाही. १३ जानेवारी २०२१ ला डिस्नेलँडच्या वाहनतळावर ऑरेंज काउंटीचं पहिलं मोठं लसीकरण केंद्र सुरू झालं. लस आली की त्याच रुग्णसंख्येचा अर्थ बदलतो, कारण म्हातारी माणसं बऱ्याच अंशी सुरक्षित होतात. म्हणून मार्चमध्ये राज्याने अट सैल केली, लाल रंगातही १५ टक्के पाहुण्यांना परवानगी दिली, आणि ३० एप्रिलला डिस्नेलँड उघडलं. फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी, २५ टक्के क्षमतेने. या जागेच्या जन्माशीही लसीचं नातं आहे. १२ एप्रिल १९५५ ला साल्क यांची पोलिओ लस परिणामकारक असल्याचं जाहीर झालं आणि तीनच महिन्यांनी डिस्नेलँडचं दार पहिल्यांदा उघडलं. त्याआधीच्या कितीतरी उन्हाळ्यांत पोलिओच्या भीतीने अमेरिकेत पोहण्याचे तलाव आणि थिएटरं बंद ठेवावी लागत. मुलांना गर्दीत निर्धास्त सोडण्याचं सुख विज्ञानाने मिळवून दिलं. त्या सुखावर हक्क सांगायचा तर विज्ञानाची शिस्तही पाळावी लागेल.

मंडळी, २०२० साली आपल्यासारख्या मंडळांचे गणपती झूमवर बसले. सभागृह कधी उघडायचं, हा वाद प्रत्येक कार्यकारिणीने आपापल्या परीने घातला आहे, त्यामुळे हा प्रश्न परका नाही. पुढची साथ कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण ती आल्यावर काउंटीच्या सुपरवायझरांच्या बैठकीत नागरिकांना बोलण्याची वेळ असेल, हे नक्की. तिथे आपल्यातल्या कुणीतरी उभं राहावं आणि तीन प्रश्न विचारावेत. कुठल्या आकड्याला दार उघडेल आणि कुठल्या आकड्याला पुन्हा बंद होईल, ते आजच लिहून द्याल का? आत काम करणाऱ्यांना विचारलंत का? आणि दार बंद असेल तोवर त्यांचं घर कोण चालवणार? तिन्हींची उत्तरं मिळाली, तर तारीख ठरवायला फार वेळ लागणार नाही. एकाचंही मिळालं नाही, तर तारीख कितीही शुभ असो, ती मान्य करू नका.