घोरणे आणि दातांचा डॉक्टर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी फराळाची व्यवस्था पाहते. भाषण करण्याची ही माझी पहिलीच वेळ. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी जे झाले ते सगळ्यांना सांगा, पुष्कळ घरांत उपयोग होईल." म्हणून उभी राहिले आहे. विषय घोरण्याचा आहे. तुम्हाला हसू येईल. मीही वीस वर्षे हसतच होते.

आमचे यजमान वाळूजच्या एका कारखान्यात आहेत. रात्री पाठ टेकली की यांचे घोरणे सुरू. मुले म्हणायची, "बाबांची चक्की लागली." घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपेचा, सुखी माणूस, अशी आपली समजूत. पण हे सकाळी उठत ते थकलेलेच. डोके जड, तोंड कोरडे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे. वर्तमानपत्र हातात घेतले की डुलकी. रक्तदाबाची गोळी चालू होती, तरी दाब म्हणावा तसा उतरत नव्हता.

एका रात्री मला जाग आली, ती आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने. पाहते तो यांची छाती हलते आहे, पण नाकातोंडातून वारा नाही. मी मनात आकडे मोजू लागले. चोविसाव्या आकड्याला हे दचकले, मोठ्याने श्वास ओढला आणि पुन्हा घोरू लागले. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार. पहाटेपर्यंत मी उशाशी बसून होते. सकाळी सांगितले तर म्हणाले, "तुला स्वप्न पडले असेल. मी तर मस्त झोपलो होतो." यात त्यांचा दोष नाही. ज्याला हा आजार असतो त्याला तो बहुधा कळतच नाही. कळतो तो शेजारी जागे असणाऱ्या माणसाला.

पुढे पंधराच दिवसांनी रात्रपाळीहून येताना नगर नाक्याजवळ स्कूटरवरच यांचा डोळा लागला. गाडी दुभाजकाला घासून पडली. मागून ट्रक येत नव्हता, म्हणून खरचटण्यावर निभावले.

मग मात्र मी ऐकले नाही. डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. त्यांनी विचारले, "घोरता का?" हे म्हणाले, "नाही." मी पुढे होऊन सगळे सांगितले. डॉक्टर म्हणाले, "बाई, हेच मला हवे होते."

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. मराठीत झोपेतील श्वासरोध. शहाळ्यातली नळी जोरात ओढली की ती चपटी होते आणि पाणी येईनासे होते, पाहा. तसेच झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे येते आणि श्वासाची वाट मिटते. रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो. रात्रभर असे चालले तर झोप कुठली? रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितले होते. त्यांना दुसरेही आजार होते. तरी घोरणे म्हणजे नुसती थट्टा नव्हे, हे त्या वेळी पुष्कळांना कळले.

यांची एक रात्र झोपेची तपासणी झाली. श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबला, अथवा फार कमी झाला, की तो एक अडथळा धरतात. तासाला पाचपर्यंत चालते. १५ ते ३० म्हणजे मध्यम आजार, ३० च्या वर तीव्र. यांचे आले २२.

आधी सीपॅप नावाचे यंत्र दिले. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपचार जगापुढे मांडला. मुखवट्यातून हवेचा दाब घशात जातो आणि वाट उघडी राहते. तीव्र आजाराला आजही पहिला उपाय हाच. पण यांना मुखवटा सोसवेना. रात्री दोनला तो काढून बाजूला ठेवीत.

तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दंतवैद्यांकडे जा." मी चकितच झाले. श्वासाचा आणि दातांचा काय संबंध? संबंध असा की जिभेचे मूळ खालच्या जबड्याला पुढच्या बाजूने बांधलेले असते. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि मागची वाट मोकळी होते. पिएर रोबँ या फ्रेंच दंतवैद्यांनी १९०२ सालीच जबडा पुढे आणणारे उपकरण केले होते, आणि १९२३ मध्ये लहान जबड्याच्या बाळांची जीभ मागे पडून श्वास कसा अडतो, यावर लिहिले होते.

इथे आमची एक चूक सांगते. दंतवैद्यांकडे जाण्याआधी यांनी दुकानातून एक तयार पट्टी आणली. गरम पाण्यात मऊ करून चावायची. चार दिवसांत हिरड्या सुजल्या, पैसे वाया गेले.

दंतवैद्यांनी आधी दात, हिरड्या आणि कानापुढचा सांधा तपासला. एका दाढेचा उपचार केला, कारण पट्ट्यांना धरायला पुरेसे पक्के दात लागतात. मग वरच्या-खालच्या दातांची मापे घेऊन दोन पट्ट्या बनवल्या. खालची पट्टी दर खेपेस थोडी थोडी पुढे सरकवली. पहिले काही दिवस लाळ फार येई, सकाळी जबडा दुखे, दात नीट जुळत नसत. भाकरी खायला नऊ वाजत. हळूहळू सवय झाली. दिसते बरे म्हणून दंतवैद्य थांबले नाहीत. पट्टी लावून झोपेची तपासणी पुन्हा करायला लावली. २२ चे ६ झाले.

पट्टी हा कायमचा इलाज नव्हे. काढून ठेवली की घोरणे परत येते. दात सरकत नाहीत ना, हे पाहायला दंतवैद्यांकडे जावे लागते. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, दारूपासून दूर राहणे, हेही करावेच लागते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय १९८२ पासून आहे. तिथेही विचारपूस करता येईल. पण आधी डॉक्टर, मग तपासणी, मग दंतवैद्य, हा क्रम मोडू नका. लहान मूल रोज तोंड उघडे टाकून घोरत असेल, तर त्याच्या घशातल्या गाठी तपासून घ्या.

आता घरात रात्री शांतता असते. सुरुवातीला मला त्या शांततेनेच झोप येईना. उठून यांच्या छातीवर हात ठेवून पाही.

शेवटी आपल्याविषयी. पाळी गेल्यावर हा आजार बायकांतही वाढतो. आपल्याला तो थकव्याच्या, मोडक्या झोपेच्या, सकाळच्या डोकेदुखीच्या रूपाने दिसतो, आणि आपण म्हणतो, कामाचा शीण आहे. माझी एक मावशी लग्नघरी रात्रभर भिंतीला टेकून बसून राही. आपण घोरलो तर बायका हसतील, ही लाज. तिच्या उशाशी बसून आकडे कोणी मोजले नाहीत. यजमानांचा श्वास मी मोजला. मावशीचा कोण मोजणार? ते काम लेकीसुनांचे, जावांचे, शेजारणींचे आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर शेजारच्या अंथरुणाकडे जरा कान द्या, आणि आपल्याविषयी कोणी सांगितले तर रागावू नका.