खड्डा कोणाचा?

रस्त्यात खड्डा पडला आहे, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. तो बुजवावयाचा कोणी, हे सांगणे मात्र पुष्कळदा जाणकारांसही जड जाते. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. तक्रारीचा कागद या दोहोंमध्ये किती फेऱ्या घालतो, हे पंचायत सदस्यांस सांगावयास नको.

इंग्लंडमधील नागरिकांची अडचणही याच जातीची. तेथील पुष्कळ भागांत स्थानिक कारभार द्विस्तरीय आहे. कचरा उचलणे हे डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे काम, बहुतेक रस्त्यांची देखभाल काउंटी कौन्सिलची, आणि मोठे महामार्ग तर तिसऱ्याच यंत्रणेकडे. यावर उपाय म्हणून ‘मायसोसायटी’ या संस्थेने २००७ मध्ये इंटरनेटवर ‘फिक्समायस्ट्रीट’ ही सोय सुरू केली.

तिची रीत साधी आहे. नागरिकाने नकाशावर जागा दाखवावयाची, बिघाडाचा प्रकार निवडावयाचा, दोन ओळी लिहावयाच्या आणि असल्यास छायाचित्र जोडावयाचे. जागा व प्रकार यांवरून तक्रार कोणत्या कार्यालयाची, हे संगणकच ठरवितो आणि ती तिकडे धाडतो. कोणाचे अधिकारक्षेत्र कोठवर, हे नागरिकास ठाऊक असलेच पाहिजे, ही अट त्यामुळे गळून पडली.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तक्रार सर्वांस दिसते. त्याच खड्ड्याविषयी शेजाऱ्याने आधी लिहिले असेल, तर नव्या तक्रारदारास ते तेथेच आढळते व त्यात तो आपली माहिती घालू शकतो. टेबलाच्या खणात पडून राहण्याची सवलत या कागदास नाही! चार आठवड्यांनी तक्रारदारास विचारले जाते : काम झाले काय? म्हणजे काम पूर्ण झाल्याची नोंद केवळ कार्यालयाच्या शेऱ्यावर अवलंबून राहत नाही. दप्तरी ‘निकाली’ ठरलेल्या प्रकरणांचा ज्यांस अनुभव आहे, त्यांस या एका प्रश्नाचे मोल कळेल.

संस्थेने आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेविल्यामुळे २०११ मध्ये नॉर्वेत आणि २०१३ मध्ये झुरिक शहरात तिच्या आधारे तशाच सोयी सुरू झाल्या.

तथापि, खड्डा बुजविणारे हात कौन्सिलचेच. तेथे पैसा वा माणसे नसतील, तर नकाशावरील खूण तशीच राहते. दुसरा धोका सहसा ध्यानात येत नाही. ज्यांच्यापाशी साधने व सवड आहे, त्यांच्याच वस्तीतून अधिक तक्रारी येण्याचा संभव असतो. खुणा नसलेली गल्ली सुस्थितीत आहे असे मानून दुरुस्तीचा क्रम लावला, तर जेथील दिवा वर्षभर बंद आहे, नेमकी तीच गल्ली शेवटी राहील. यास्तव प्रत्यक्ष पाहणीस जाणाऱ्या कर्मचाऱ्याची फेरी या सोयीमुळे बंद करता येत नाही.