यादीत तिचे नाव
(आपल्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला संकटात सापडलेल्या महिलांना मदत कशी करावी, यावर बोलायला सांगितले आहे. जेवणाच्या आधीचे भाषण आहे, त्यामुळे वेळ पाळते. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीचे काय करायचे हे आज संध्याकाळपर्यंत ठरवायचे आहे. माझे बोलणे त्या निर्णयासाठीच आहे.

मी वीस-बावीस वर्षे सॉफ्टवेअरचे काम करते. दिवसभर याद्या, रकाने आणि नोंदी. त्यामुळे एक खोड लागली आहे. कुठेही मदतवाटप असले की मी आधी यादी बघते. संकट दुष्काळाचे असो, भूकंपाचे असो की साथीचे, मदत माणसाच्या दारात येण्याआधी त्याच्या नावापाशी येते. नावच नसेल तर दार कितीही उघडे ठेवा, काही उपयोग नाही.

आपल्या मराठवाड्याने हा धडा तीनदा गिरवला आहे.

पहिला १९७२ चा दुष्काळ. आपल्या आज्यांनी खडी फोडली, तलावांची माती वाहिली. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येने होत्या. माझी आजी सुकडीच्या आठवणी सांगायची, पण त्याहून अभिमानाने सांगायची ती हजेरीपटाची गोष्ट. मस्टरवर नाव तिचे, अंगठा तिचा आणि मजुरीही तिच्याच हातात. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना मोठी झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. इथल्या नोकरदारांनी आपली पगाराची पावती बघावी. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील. त्या कपातीचे मूळ आपल्या आज्यांच्या टोपल्यांत आहे. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या आधीचा मोठा अनुभव महाराष्ट्राचाच होता.

दुसरा धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३. आपण आठवीत होतो. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार. घरानेच माणसे मारली. शाळेतून आपण पसा-पसा ज्वारी आणि कपडे गोळा केले होते, ते सरांना आठवत असेल.

ज्वारी संपते, कपडे फाटतात. पुढची वर्षे टिकले ते काम वेगळे होते. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसवली गेली, पण शेकडो गावांत तडे गेलेली घरे जागच्या जागीच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. त्या कार्यक्रमात लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आली. त्यांनी गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. ज्या बायकांना ग्रामसभेत बसायला जागा नव्हती, त्या आता घरोघर जाऊन सांगू लागल्या: सरकारकडून किती मिळणार, भिंतीच्या दोन थरांना बांधणारा आरपार दगड कुठे हवा, माळवदावरची माती का कमी करायची, गवंडी काम नीट करतो का. त्या हिशेब विचारू लागल्या. इंजिनिअर म्हणून मला याचे फार मोल वाटते. भूकंपात टिकणारे घर नकाशावर काढणे सोपे असते. चुलीजवळ बसून ते पटवणे आणि भिंत चढताना लक्ष ठेवणे कठीण असते.

पुढे २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. आठ वर्षांपूर्वी ज्यांचे नाव ‘आपद्ग्रस्त’ या यादीत होते, त्या आता शिकवणाऱ्यांच्या यादीत होत्या. सबलीकरण हा शब्द मला जड वाटतो, पण त्याचा अर्थ काय असे कुणी विचारले तर मी एवढेच सांगेन.

तिसरा धडा ताजा आहे. कोरोनात घरचा माणूस गेलेल्यांना ५० हजार रुपयांची मदत मिळाली. एकट्या पडलेल्या महिलांसाठी राज्याने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले, तालुक्यांत समित्या नेमल्या. योजना चांगली होती. पण अर्जासाठी मृत्यूचा दाखला, तपासणीचा अहवाल, आधार आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते हवे होते. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेली बाई हे सगळे कुठून गोळा करणार?

म्हणून कागद संकटाच्या आधी तयार हवेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावा, असे राज्य सरकारने २००३ मध्येच सांगितले आहे. पण किती घरांत ते लागले? सातबाऱ्यावर वारसनोंद वेळेत होते का? शेतकऱ्याने आत्महत्या केली किंवा चितेगाव-बिडकीन पट्ट्यात कुणाची कंपनी बंद पडून काम सुटले, तर त्या घरातल्या बाईला पहिला प्रश्न विचारला जातो: “तुमच्या नावावर काय आहे?”

निधीतून शिलाई मशीन वाटावीत, अशी सूचना काही मित्रांनी केली आहे. भावना चांगली आहे. पण जिला मशीन हवे आहे तिने ते मागावे, आपण ठरवून देऊ नये. माझा प्रस्ताव असा. वर्षातून चार रविवार शाळेच्या वर्गात कागदपत्रांचा मदतकट्टा भरवायचा. बँक खाते, आधार जोडणी, रेशनकार्ड, नमुना आठ, वारसनोंद आणि दाखले एवढेच बघायचे. कट्टा चालवतील गावातल्या बचत गटाच्या बायका, आणि निधीतून त्यांना मानधन द्यायचे. आपल्यातले वकील, बँकेतले आणि पंचायत समितीतले मित्र त्यांना आधी दोन दिवस शिकवतील. संगणकाचे काम माझ्याकडे. फोटो काढायचा नाही, हार घालायचा नाही.

बाई आपली हजेरी घेताना आधी नाव पुकारायच्या आणि मग मान वर करून बघायच्या, पोरगी खरेच वर्गात आहे ना. यादी कशी वाचावी हे मी त्यांच्याकडून शिकले. आज संध्याकाळी हात वर करताना एवढे ध्यानात ठेवा, ही विनंती.