उन्हाने मुरवलेलं लाकूड



वेरूळच्या दहाव्या लेण्यात गेलात की मान वर करून छताकडे बघा. कमानीत वळलेले वासे ओळीने दिसतील. ते सगळे दगडात कोरलेले आहेत. लाकडी बांधणीची नक्कल इतकी हुबेहूब आहे, की लोकांनी या लेण्याला नावच दिलं, 'सुतार झोपडी'. कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र छताला खरोखरीच्या लाकडी कमानी आहेत, आणि त्यांना सुमारे दोन हजार वर्षं झाली आहेत. लाकूड इतकं कसं टिकतं? कोरडं राहिलं म्हणजे टिकतं. त्यातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली गेलं, की कुजवणाऱ्या बुरशीला तिथे वाढता येत नाही.

हे पाणी घरच्या घरी, आपल्या उन्हाच्या बळावर कसं काढायचं, ते आज सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला कडुनिंब वळवाच्या वाऱ्याने पडला. मी त्याच्या फळ्या करवतून घेतल्या आणि गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात मांडल्या. आठ दिवसांत टोकांना चिरा गेल्या, फळ्यांना पीळ पडला. त्यातून एक डबासुद्धा झाला नाही. आई एवढंच म्हणाली, "पापड तरी कोणी लाटल्या लाटल्या असे भर उन्हात टाकतं का? आधी सावलीत सुकवायचे, मग ऊन दाखवायचं." लाकूड वाळवण्याचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे.

लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं असतं, काही पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी आधी जातं, तेव्हा लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की भिंतीतलं पाणी निघू लागतं, आणि तेव्हापासून लाकूड आकसतं. भर उन्हात वरचा थर आधी वाळतो. तो आकसायला बघतो, आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत चीर पडते. शिवाय सगळ्या दिशांनी आकसणं सारखं नसतं. आपला साग पुरता वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने जवळजवळ ६ टक्के आकसतो, गाभ्यापासून सालीकडे मात्र अडीच टक्केच. फळीला बाक येतो तो या फरकामुळे.

म्हणजे लाकडाला ऊब हवी, पण अंगावर ऊन नको. वारा हवा, पण बेताचा. हे जमवण्यासाठी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने काही दशकांपूर्वीच सौर भट्टीचे, म्हणजे उन्हावर तापणाऱ्या पेटीचे, प्रयोग केले. आपल्या या वेरूळच्या जिल्ह्यात तर उन्हाच्या पेट्या नव्या राहिलेल्या नाहीत. एस फोर एस टेक्नॉलॉजीजच्या सौर वाळवणयंत्रांत इथल्या शेतकरी बायका कांदा वाळवतात. त्या कामाला २०२३ साली अर्थशॉट हा जागतिक पुरस्कार मिळाला. कांदा वाळतो तसं लाकूडही वाळेल, फक्त त्याला सवडीने वाळवावं लागतं.

आता पेटी कशी करायची ते ऐका. कागद-पेन्सिल जवळ असेल तर मापं लिहून घ्या.

पेटी आतून चार फूट लांब, तीन फूट रुंद. भिंती प्लायवूडच्या, त्यांना आतून थर्मोकोल. वर काच, किंवा पॉलिहाऊसला वापरतात तो प्लास्टिकचा कागद. हे झाकण दक्षिणेकडे उतरतं ठेवायचं. आपला हा भाग सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, तेव्हा उतारही २० अंशांचा. काचेखाली चार बोटं जागा सोडून काळा रंग दिलेला पत्रा. ऊन पत्र्यावर पडतं आणि लाकूड पत्र्याच्या सावलीत राहतं. मागच्या भिंतीला वर एक झरोका, खाली एक. जुन्या संगणकाचे दोन पंखे पत्र्यावरची गरम हवा फळ्यांच्या थप्पीतून फिरवतात. ते लहानशा सौर पॅनेलला थेट जोडायचे.

थेट जोडण्याला कारण आहे. सूर्य मावळला की पंखे आपोआप थांबतात. बंद पेटीतली हवा गार होते, तिच्यातली आर्द्रता वाढते, फळीचा वरचा थर थोडा ओलावा परत घेतो आणि दिवसभराचा ताण सैल होतो. सौर भट्टीत लाकूड कमी तडकतं ते या रात्रीच्या विसाव्यामुळे.

फळ्यांच्या टोकांना झाड कापल्या दिवशीच ऑइल पेंट किंवा मेण लावा, कारण टोकांतून पाणी फार वेगाने जातं. थप्पी लावताना दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या रिपा ठेवा, रिपेवर रीप एका रेषेत. वरून दगडांचं वजन द्या. बारा चौरस फूट काचेला साधारण दहा घनफूट लाकूड भरा. फार कमी भरलंत तर पेटी जास्त तापेल आणि पुन्हा चिरा पडतील. सुरुवातीला काचेला आतून थेंब धरले तर झरोके थोडे उघडा. पुढे लाकूड वाळत जाईल तसे ते मिटत आणा.

वाळलं कधी म्हणायचं? ते काटा सांगतो. फळीच्या मधल्या भागातून एक तुकडा कापा, लगेच त्याचं वजन करा. मग तो ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या किंचित वर ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत, आणि तोवर ओव्हनपासून हलू नका. ओला १५० ग्रॅम होता आणि कोरडा १०० भरला, तर ओलावा ५० टक्के. एकदा हा हिशेब कळला की त्याच थप्पीतली एक फळी दर दोन दिवसांनी तोलत राहा.

आपल्याकडे उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लाकूड ६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, भर पावसाळ्यात १५ पर्यंत चढतं. म्हणून श्रावणात दार फुगतं आणि चैत्रात सांधे खुळखुळतात. घरातल्या वस्तूसाठी १० टक्क्यांवर थांबा. इंचभर जाडीच्या फळीला उघड्यावर वर्ष लागतं असा सुतारांचा अंदाज असतो. फेब्रुवारी ते मे या काळात पेटीत ती महिना-दीड महिन्यात तयार होते.

यासाठी उभं झाड कोणी तोडू नये. शहरात झाडाला हात लावायचा तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. पण वादळात पडलेला कडुनिंब, छाटलेली शिसवीची फांदी, जुना आंबा यांचं बहुतेक सरपणच होतं. त्यातून पोळपाट होऊ शकतो, देव्हारा होऊ शकतो, मुलीची पाटी ठेवायची पेटी होऊ शकते. पुढच्या वेळी आपल्या दारात फांदी पडली, तर तिच्या टोकांना त्याच दिवशी रंग लावा, तिचं वजन करा, आणि तारीख घालून तो आकडा तिच्यावरच लिहून ठेवा.